वजन बाइकवर ठेवायचं की टीमवर?

ड्रॅग रेसची मीट भरवायची, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन बाइक पळवायच्या. हवाईपट्टी मिळाली, ॲम्ब्युलन्स ठरली, टायमिंगवाला ठरला. मग नियमावली लिहायला चार जण बसतात आणि रात्र तिथेच सरते. आरएक्स हंड्रेडवाला म्हणतो, माझी ९८ सीसी, मला शंभरच्या गटात घ्या. स्प्लेंडरवाला म्हणतो, मीही ९७ सीसीच, पण ह्याच्या शेजारी मी उभा राहणार नाही. दोघांचंही खरं आहे. आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, क्रँकच्या प्रत्येक फेरीला पेटतं. स्प्लेंडरचं फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. सीसी सारखी असली तरी कंपनीच्या अवस्थेतच एकीकडे ११ हॉर्सपॉवर आणि दुसरीकडे साडेसातच्या आसपास. त्यावर पोर्टिंग (इंजिनातल्या हवेच्या वाटा घासणं) आणि एक्स्पान्शन चेंबर (फुगीर एक्झॉस्ट पाइप) केला की हा फरक आणखी वाढतो.

दोन कंपन्यांच्या, दोन जातींच्या इंजिनांना एका रेषेवर न्यायाने उभं कसं करायचं? जगात यावर मुख्यतः चार वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. तुमच्या क्लबसाठी किंवा मीटसाठी नियम लिहायची वेळ आली असेल, तर त्यांतली कोणती घ्यावी हे ठरवायला हा आढावा उपयोगी पडावा. चौघींना मी सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यात जास्त शिकवणारी वाट एकच आहे, आणि माझ्या मते तीच आपण उचलू नये.

एक प्रसंग आधी सांगतो, कारण माझं मत तिथून बनलं. एका मीटला मी स्क्रुटिनीच्या, म्हणजे बाइक तपासणीच्या, टेबलावर होतो. एका मुलाने शनिवारी आपल्या गटातल्या सगळ्यांना मागे टाकलं. चार महिने त्याने त्या इंजिनावर काम केलं होतं. पोर्ट घासले होते, जेट बदलून बदलून पाहिले होते, स्प्रॉकेटचे दात मोजून मोजून लावले होते. रविवारी सकाळी आयोजकांनी जाहीर केलं की त्या कंपनीच्या बाइकला पाच किलो जादा. त्या गटात त्या कंपनीची बाइक त्याची एकट्याचीच होती. तो काही बोलला नाही. सीटखाली वजन बांधलं आणि रांगेत जाऊन उभा राहिला. काट्यावर नोंद करणारा मीच होतो, आणि आपण बाइक तोलतोय की त्याचे चार महिने, हे मला तेव्हा कळेना.

पहिली वाट: वजनाने समतोल

हाच प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर सोडवायचा प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेने, एनएचआरएने, १९८७ साली मोटरसायकलींचा प्रो स्टॉक गट व्यावसायिक दर्जाचा केला. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पट्टी, टर्बो नाही, नायट्रस नाही. या गटात पुढे दोन जाती समोरासमोर आल्या.

एकीकडे सुझुकी. चार सिलिंडर एका ओळीत, हवेने थंड होणारं इंजिन, मूळ रचना ऐंशीच्या दशकातल्या जीएस मालिकेची. दुसरीकडे व्ही-ट्विन, म्हणजे व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन: हार्ली-डेव्हिडसन आणि ब्युएल. व्ही-ट्विनला नियमाने १६० घनइंच, म्हणजे साधारण २,६२० सीसी दिली. सुझुकीला त्याहून पुष्कळ कमी. अलीकडच्या चार व्हॉल्व्हच्या हेडसह ती १,८५० सीसीपर्यंत गेली.

पाहताक्षणी हा अन्याय वाटतो, पण तसा तो नाही. व्ही-ट्विनचा एकेक सिलिंडर १,३०० सीसीच्या वर. एवढा मोठा पिस्टन, त्यात व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड नावाचे लांब दांडे. असं इंजिन सुझुकीइतक्या आरपीएमला फिरूच शकत नाही. इंजिनाची ताकद सरतेशेवटी मिनिटाला किती हवा आत ओढली यावर ठरते. सावकाश फिरणाऱ्याला मोठं भांडं आणि भराभर फिरणाऱ्याला लहान भांडं देणं तत्त्व म्हणून योग्यच. अडचण असते ती भांडं नेमकं केवढं मोठं, यात. तो आकडा पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतो, म्हणून उरलेली तफावत किमान वजनाने भरून काढायची. जी जात पुढे जाईल तिच्यावर थोडे पौंड चढवायचे, जी मागे पडेल तिचे उतरवायचे. हे वजन रायडरसकट मोजतात.

थोड्या वजनाने किती फरक पडतो, याचं गणित नियम लिहिणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावं. पट्टी पार करायला लागणारा वेळ साधारणपणे वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे वजन १ टक्का वाढलं तर वेळ साधारण एक तृतीयांश टक्का वाढतो. रायडरसकट ६०० पौंडांची बाइक धरा, पावणेसात सेकंदांची धाव धरा. ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोपेक्षाही कमी, चढवले की सेकंदाचे सुमारे दोन शतांश जातात. शेवटच्या रेषेवर या बाइक ताशी २०० मैलांच्या आसपास असतात, सेकंदाला जवळजवळ ९० मीटर. म्हणजे तिथे हे दोन शतांश जवळपास २ मीटर झाले, एका अख्ख्या बाइकची लांबी. वजनाचा नियम किती धारदार आहे ते यावरून कळावं. काट्यावर क्षुल्लक वाटणारा आकडा निकाल उलटवू शकतो.

आता निकाल पाहू. हार्लीचा व्ही-रॉड या गटात २००२ साली उतरला. २००४ ते २०२४ या २१ मोसमांत व्ही-ट्विनवाल्यांनी १७ विजेतेपदं घेतली, सुझुकीच्या वाट्याला ४ आली: २०१०, २०१६, २०२३ आणि २०२४. इथवर वाचून कुणीही म्हणेल, उघड आहे, नियम व्ही-ट्विनकडे झुकलाय.

पण जरा थांबा. त्या १७ पैकी १० हार्लीची, आणि दहाच्या दहा दोनच रायडरांची: अँड्र्यू हाइन्स ६, एडी क्रॅविएक ४. दोघेही व्हान्स अँड हाइन्स या एकाच टीमचे. उरलेल्या सातांपैकी सहा मॅट स्मिथ या एकाच रायडरची, आणि २००९चं एक हेक्टर अरानाचं. म्हणजे १७ पैकी १६ विजेतेपदं तिघांच्या हातात. व्ही-ट्विन इंजिनातच फायदा असता तर तो व्ही-ट्विन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवा होता. तसं घडलं नाही.

आणखी मागे जा. व्हान्स अँड हाइन्स हार्लीकडे वळण्यापूर्वी काय चालवत होते? सुझुकी. १९९७, १९९८ आणि १९९९ ही तिन्ही विजेतेपदं मॅट हाइन्सने त्याच टीमच्या सुझुकीवर जिंकली. मॅट आणि अँड्र्यू ही बायरन हाइन्सची मुलं. इंजिनाची विद्या घरातच होती. २०२०च्या मोसमानंतर हार्ली या मैदानातून बाहेर पडली आणि ही टीम पुन्हा सुझुकीकडे आली. २०२३ आणि २०२४ची विजेतेपदं गेज हेरेराची, त्याच टीमच्या सुझुकीवर.

कंपनी बदलली, इंजिनाची जात बदलली, वजनाचे आकडे कितीदा तरी बदलले. इंजिन बांधणारं दुकान मात्र तेच राहिलं. वीस वर्षं सगळे हार्ली विरुद्ध सुझुकी म्हणून भांडले, आणि त्या भांडणाचा मोठा भाग खरं तर एका उत्तम दुकानाशी होता.

‘कंपनी’ या शब्दाने तर गोंधळ आणखी वाढवला. रस्त्यावरच्या व्ही-रॉडचं रेव्होल्यूशन इंजिन पोर्शेच्या मदतीने घडवलेलं, पाण्याने थंड होणारं, ओव्हरहेड कॅमचं, १,१३० सीसीचं. पट्टीवरच्या व्ही-रॉडमध्ये खास शर्यतीसाठी बनवलेलं १६० घनइंचांचं पुशरॉड इंजिन. दोघांत नाव आणि अंगावरचा आकार सोडून फारसं काही समान नाही. सुझुकीचंही तसंच. अंगावर हायाबुसाचा आकार, आत जुन्या जीएसच्या वंशातलं इंजिन. टाकीवरच्या नावाकडे बघून नियम केला तर तो नावाला तोलेल, इंजिनाला नाही.

या वाटेचा सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे. निकाल पाहून वजन बदलणार हे कळलं की शहाणी टीम हातचं राखून धावते. क्वालिफायिंगला, म्हणजे पात्रता फेरीला, बाइक पूर्ण ताणायची नाही, जिंकायचं तर जरुरीपुरतंच जिंकायचं, म्हणजे पौंड चढणार नाहीत. ही काही लबाडी नाही, नियमच तसं शिकवतो. पण जो नियम माणसाला कमी जोराने धावायला शिकवतो, तो ड्रॅग रेसिंगच्या मुळावर येतो. इथे दोन जण पूर्ण ताकदीने सुटतात, एवढंच तर बघायला लोक उन्हात उभे राहतात.

आणि वजनाने सगळ्यांना सारखीच शिक्षा होत नाही. हलक्या रायडरला तेवढे पौंड शिशाच्या रूपात हवे तिथे, खाली आणि पुढे, बसवता येतात. त्याने पुढचं चाक जमिनीजवळ राहतं आणि लाँच, म्हणजे रेषेवरून सुटणं, सुधारतो. जड रायडरचं वजन मात्र सीटवरच.

दुसरी वाट: आरपीएमची मर्यादा

ही ड्रॅग रेसिंगची नाही, सर्किटवरच्या जागतिक सुपरबाइकची आहे, पण प्रश्न तोच. तिथे सुरुवातीच्या नियमांत चार सिलिंडरना ७५० सीसी आणि ट्विनला १,००० सीसी. या नियमाखाली डुकाटीच्या ट्विनने इतकं यश मिळवलं की शेवटी होंडाने आपलं चार सिलिंडरचं व्ही-फोर बाजूला ठेवलं आणि स्वतःच १,००० सीसीचं व्ही-ट्विन बनवलं. कॉलिन एडवर्ड्सने त्यावर २००० आणि २००२ची विजेतेपदं जिंकली. नियम कुणाकडे झुकलाय हे बघायचं असेल तर तक्रारी ऐकण्यापेक्षा कारखाने काय बनवताहेत ते बघावं. होंडासारखी कंपनी नियमाला वाकून नवं इंजिन बनवते, तेव्हा त्या नियमाबद्दल आणखी पुरावा लागत नाही.

पुढे ट्विनना १,२०० सीसी, हवेच्या वाटेवर ती वाट अरुंद करणारा रिस्ट्रिक्टर, जादा वजन असे प्रयोग झाले. २०१८पासून प्रत्येक मॉडेलला आरपीएमची वेगळी मर्यादा आली, ती मोसमात ठरावीक टप्प्यांवर कमी-जास्त करता येई. २०१९ला काय झालं ते पाहा. अल्वारो बाउतिस्ताने नव्या डुकाटी व्ही-फोरवर पहिल्या तीन ठिकाणच्या नऊच्या नऊ शर्यती जिंकल्या. लगेच डुकाटीची मर्यादा २५० आरपीएमने उतरवली, १६,३५० वरून १६,१००. त्यानंतरच्या, नेदरलँड्समधल्या असेनच्या दोन्ही शर्यतीही त्यानेच जिंकल्या. आणि मोसमाअखेर विजेता कोण? कावासाकीवरचा जोनाथन रे. मधल्या काळात बाउतिस्ता वारंवार पडला, गुण गेले. पहिल्या तीन ठिकाणी तेच मॉडेल चालवणारे बाकीचे रायडर जिंकत नव्हते. मग त्या २५० आरपीएमने कुणाला मोजलं, बाइकला की बाउतिस्ताला?

तरी वजनापेक्षा ही वाट मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती निदान इंजिनालाच हात लावते. पण तिला प्रत्येक बाइकमध्ये नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स लागते आणि ती तपासणारी माणसं लागतात. कार्बोरेटरच्या बाइक घेऊन येणाऱ्या आपल्या मीटला हे परवडणारं नाही. ही वाट आपल्यासाठी इथेच संपते.

तिसरी वाट: गट वेगळे करा

भारतात ड्रॅग रेसिंग मुख्यतः याच वाटेने चाललं आहे. आधी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक वेगळे, मग सीसीप्रमाणे पायऱ्या, वर भारतीय बनावटीच्या आणि परदेशी सुपरबाइकचे खुले गट. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या पट्टीवर व्हॅली रन पाहिलेल्या कुणालाही ही रचना सांगावी लागणार नाही.

हिचा मोठा गुण असा की गॅरेजमध्ये पहिला पाना हातात घेण्यापूर्वीच रायडरला नियम माहीत असतो. चार महिने काम करून सेकंदाचे तीन दशांश काढलेत? ते तुमचे. कुणी पाच किलो बांधणार नाही. मेहनतीला इतकं स्वच्छ संरक्षण दुसऱ्या कुठल्याच वाटेत नाही.

दोष दोन. पहिला, पायरीच्या कडेवरची बाइक. मर्यादा १६५ सीसी असेल तर १५० सीसीवाला पंधरा सीसी मागेच उभा राहतो, आणि सिलिंडर बोअर करून कडेपर्यंत येण्याचा खर्च त्याच्यावर पडतो. दुसरा, फोर-स्ट्रोकमध्येही जाती आहेत. दोन व्हॉल्व्हचं हवेने थंड होणारं इंजिन आणि चार व्हॉल्व्हचं पाण्याने थंड होणारं इंजिन एकाच सीसीत असूनही सारखं नसतं. यामाहाची आर१५ आली तेव्हा दीडशेच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे जाणवलं असेल. इथे आणखी एक रेघ ओढावी लागते. पण रेघा वाढवत गेलात तर एकेका गटात तीनच बाइक उरतात आणि करंडक वाटण्यातच संध्याकाळ होते. माझा हिशेब साधा आहे: ज्या गटात आठही बाइक जमत नाहीत तो गट काढू नये.

चौथी वाट: स्वतःचा वेळ स्वतः सांगा

अमेरिकेत याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. प्रत्येक रायडर आपली बाइक किती सेकंदांत पट्टी पार करेल ते आधीच लिहून देतो. तोच त्याचा डायल-इन. हळू बाइकला फरकाइतकी आघाडी मिळते, तिचा दिवा आधी हिरवा होतो. सांगितलेल्यापेक्षा कमी वेळ आला तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. दोघांचाही ब्रेकआउट झाला तर ज्याचा वेळ सांगितलेल्याच्या कमी फरकाने खाली गेला तो जिंकतो.

इथे स्प्लेंडर हायाबुसाला हरवू शकते, आणि ते खरं हरवणं असतं. रिअॅक्शन, म्हणजे हिरवा दिवा लागल्यावर किती चटकन सुटलात, आणि सातत्य, दोनच गोष्टी मोजल्या जातात. कंपन्यांचा प्रश्नच मिटतो. खर्च कमी, रोज कामावर नेलेली बाइक रविवारी आणता येते. मी ओळखतो अशा अनेक मुलांसाठी, ज्यांना सुटे भाग परवडत नाहीत, हीच एक वाट उघडी आहे.

मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये? कारण चार महिने इंजिनावर घालवणाऱ्याला इथे काही मिळत नाही. बाइक तीन दशांशांनी वेगवान झाली तर डायल-इनही तितकाच खाली येतो. शिवाय दोन बाजूंचे दिवे वेगवेगळ्या वेळी लावणारी यंत्रणा आणि ती बिनचूक चालवणारा माणूस हवा. झेंडा दाखवून सुरुवात होणाऱ्या मीटला हे जमत नाही. आणि प्रेक्षकांना एक जण आधी का सुटला हे समजावण्यात पहिली दोन वर्षं जातात.

मी कोणती घेईन

तुमची मीट नवी असेल, वर्षातून एक-दोनदाच होत असेल, तर स्ट्रोक आणि सीसीचे गट घ्या. फोर-स्ट्रोकमध्ये हवेने आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांची एक रेघ ओढा, आणि तिथेच थांबा. टायमिंगवाल्याकडे दोन बाजूंचे दिवे स्वतंत्र लावायची सोय असेल तर जोडीला डायल-इनचा एक खुला गट ठेवा. कोणत्याच रेघेत न बसणारी बाइक तिथे जाईल. त्या आरएक्सवाल्याला आणि स्प्लेंडरवाल्याला खरोखर शेजारी उभं राहायचं असेल, तर जागा तीच.

वजन चढवण्याच्या वाटेला जाऊ नका. पण मोसमभर चार-पाच फेऱ्या घेणारी मालिका तुमच्याकडे असेल, एकाच गटात दोन जाती ठेवाव्याच लागत असतील आणि एक जात सतत पुढे जात असेल, तर निदान योग्य आकडा पाहून निर्णय घ्या. बहुतेक जण एकूण वेळ पाहतात, आणि चूक तिथेच होते. एकूण वेळ बराचसा पहिल्या ६० फुटांत घडतो: क्लच, टायरची हवा, रायडरचा लाँच. ती टीमची कमाई. शेवटच्या रेषेवरचा वेग मात्र ताकद आणि वजन यांचंच गुणोत्तर जास्त सांगतो, त्यात लाँचचा वाटा थोडाच. एका जातीच्या सगळ्या बाइकचा शेवटचा वेग दुसऱ्या जातीपेक्षा सातत्याने जास्त असेल, तर फरक इंजिनाच्या जातीचा आहे असं म्हणायला जागा आहे. वेग सारखे आणि ६० फुटांचे वेळ वेगळे, तर जो मागे आहे त्याने लाँचचा सराव करावा, नियमाला हात लावू नये. आणि पुढे फक्त एकच बाइक असेल, तिच्याच जातीच्या बाकीच्या मागे असतील, तर ती जात नाही, ती टीम आहे. तिला हात लावू नका. व्हान्स अँड हाइन्सची वीस वर्षं मला एवढं एक नक्की सांगतात.

दोन गोष्टी प्रवेशअर्जावरच छापा. बदल झाला तर तो कोणत्या आकड्यावरून होईल, हे आधी लिहा. आणि तो पुढच्या मोसमाच्या पहिल्या दिवसापासूनच लागू होईल, शनिवारच्या निकालावरून रविवारी सकाळी नाही, हेही लिहा. अर्जावर रायडरची सही घेता, तशीच त्याखाली आयोजकाचीही घ्या.